गव्हाच्या पहिल्या पाण्याआधी मोटारीचे व्होल्ट-ॲम्पिअर मोजून घ्या

कार्तिक सरत आला की शिवारात सगळ्यांच्या मोटारी एकदमच लागतात. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, पहिलं पाणी मिळालंच पाहिजे. कांद्याची लागणही त्याच सुमारास, आणि ऊस तर बारमाही तहानलेला. डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, लोड वाढतो, व्होल्टेज बसतं आणि मोटार जळते ती नेमकी याच दिवसांत. मग ती उतरवा, वाइंडिंग (आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी) भरायला न्या, दुकानात नंबर लावा. तोवर गव्हाची वेळ टळलेली असते. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल राज्यात २०२४ पासून माफ आहे, त्यामुळे युनिट मोजण्याची सवयच सुटली. मोटार भरायचे पैसे मात्र ज्याचे त्यालाच मोजावे लागतात.

हिशोब शाळेतलाच आहे. व्होल्टला ॲम्पिअरने भागलं की ओहम, म्हणजे तारेचा रोध. व्होल्टला ॲम्पिअरने गुणलं की वॅट. थ्री फेजला या गुणाकारात १.७३२ आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामी येणारा वाटा) आणखी धरायचा. पाच एचपीची मोटार ४१५ व्होल्टवर साडेसात ॲम्पिअर घेत असेल आणि पॉवर फॅक्टर ०.८५ असेल, तर ४१५ × ७.५ × १.७३२ × ०.८५ म्हणजे साधारण ४,५८० वॅट झाले. पाच एचपी म्हणजे ५ × ७४६ = ३,७३० वॅट. मधले साडेआठशे वॅट मोटार स्वतः तापण्यात घालवते.

एक चूक टाळा. चालू मोटारीचे व्होल्ट भागिले ॲम्पिअर केले तर येणारा आकडा वाइंडिंगचा रोध नसतो. वाइंडिंगचा रोध त्याहून बराच कमी असतो. फिरती मोटार स्वतःच करंटला अडवून धरते. थांबलेली तसं अडवत नाही, म्हणून तर चालू होताना ती पाच ते सात पट ॲम्पिअर ओढते. वाइंडिंग तपासायचं तर सप्लाय तोडून, वायरी सोडवून लाल-पिवळा, पिवळा-निळा, लाल-निळा अशा तिन्ही जोड्यांचे ओहम घ्यावेत. तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. भागाकार खरा उपयोगी पडतो तो केबल आणि जॉइंट तपासताना.

गेल्या वर्षीचं आमच्याच विहिरीवरचं सांगतो. डीपीपासून विहीर ३०० मीटर, केबल तांब्याची, २.५ चौरस मिलिमीटर. मोटार ८ ॲम्पिअर घेत होती. मोटार चालू असताना डीपीजवळच्या फ्यूजपेटीत तिन्ही जोड्यांवर ३९८ व्होल्ट. स्टार्टरपाशी मात्र पिवळा-निळा ३७२, लाल-पिवळा ३६६, लाल-निळाही ३६६.

आता बघा. या जाडीच्या तांब्याचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम, म्हणजे ३०० मीटरला २.२. आठ ॲम्पिअरने गुणलं तर एका तारेत साडेसतरा व्होल्ट पडतात. त्याला १.७३२ आणि ०.८५ ने गुणलं की २६ येतात. ३९८ मधून २६ गेले, राहिले ३७२. पिवळा-निळा बरोबर जुळला, तेव्हा केबल ठीक. दोन्ही पडक्या जोड्यांत लाल आहे, म्हणजे दोष लाल तारेत. असा जोड्यांत एक टक्का फरक पडला तरी मोटारीच्या ॲम्पिअरमध्ये सहा ते दहा टक्के फरक पडतो आणि एकच वाइंडिंग भाजत राहतं.

केबल धरून चालत गेलो. बांधावर बोरीच्या बुडाशी मीच दोन वर्षांपूर्वी पिळून मारलेला जॉइंट होता. सप्लाय बंद करून टेप सोडली तर ती काकवीसारखी हाताला चिकटली; आतलं तांबं काळं-हिरवं. वायरमनने रबरी हातमोजे घालून, मोटार चालवून जॉइंटच्या दोन्ही अंगांना मीटरच्या पिना लावल्या: ८ व्होल्ट. आठ भागिले आठ, एक ओहम. वीतभर जॉइंट सव्वाशे-दीडशे मीटर केबलीइतका करंट अडवत होता. आठ गुणिले आठ, ६४ वॅट. जुना साठचा पिवळा बल्ब टेपमध्ये गुंडाळून बांधावर ठेवल्यासारखंच! तार घासून फेरूल (तारा जोडायची धातूची नळी) दाबली, वरून तापवली की आवळून बसणारी हीटश्रिंक स्लीव्ह चढवली. तिन्ही जोड्या ३७२ वर आल्या. चालू लाईनवर मोजणं वायरमनचंच काम आहे. ओल्या बांधावर अनवाणी उभं राहून हे धाडस करू नका.

नवी केबल घ्यायची असेल तर हेही मांडून बघा. एका तारेतलं नुकसान म्हणजे ॲम्पिअरचा वर्ग गुणिले ओहम. तीन तारांचे ३ × ८ × ८ × २.२, सव्वाचारशे वॅट नुसते मातीत जातात. तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची घेतली तर पावणेदोनशेच्या आसपास. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या साधारण १.६ पट, तेव्हा त्याच जाडीची घेऊन भागत नाही.

व्होल्टेज ३४० वर बसलं की साडेसात ॲम्पिअर घेणारी मोटार नऊच्या आसपास ओढते. वर्ग केला तर वाइंडिंगमधली उष्णता जवळपास दीडपट. अशा वेळी जादा करंट झाला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले पडतो, आणि आपली माणसं स्क्रू फिरवून तो अकरा ॲम्पिअरवर नेतात किंवा फ्यूजला जाड तार बांधतात. रिले मोटारीच्या पाटीवरच्या ॲम्पिअरवरच ठेवा.

ऑटो स्विचचं तर विचारूच नका. रात्री लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एका क्षणी सुटतात, प्रत्येक पाच-सात पट ओढते आणि डीपीचा फ्यूज जातो. आम्ही सात जणांनी टायमर एकेका मिनिटाच्या फरकाने लावलेत. माझा नंबर पाचवा.