कार्ट्रिज नवी, तरी टाकीत पाणी

टिपर किंवा ग्रेडरच्या एअर सिस्टिमवर नव्याने हात घातला की पहिला सल्ला ठरलेला असतो: हवेच्या टाकीत पाणी येतंय ना, मग एअर ड्रायरची (हवेतलं पाणी धरणाऱ्या डब्याची) कार्ट्रिज बदल. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. नवी कार्ट्रिज बसते, आठ-दहा दिवस टाकी कोरडी राहते, मग पुन्हा पाणी. मग "डुप्लिकेट माल दिला" म्हणून दुकानदाराशी भांडण. पुष्कळदा बिचाऱ्या कार्ट्रिजचा यात काहीच दोष नसतो.

ड्रायरच्या आत काय असतं ते आयटीआयला शिकून झालेलं असेल, ते पुन्हा सांगत नाही. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. कॉम्प्रेसर लोडवर आहे, म्हणजे हवा भरतोय, तोवर ड्रायर पाणी नुसतं धरून ठेवतो. ते बाहेर पडतं कटआऊटला, म्हणजे प्रेशर पूर्ण भरून कॉम्प्रेसर लोडवरून उतरतो तेव्हा. प्रेशर सांभाळणारा गव्हर्नर ड्रायरच्या तळाचा पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, साचलेलं पाणी आणि तेल दणक्यात बाहेर जातं, मग रिजनरेशन टाकीतली थोडी कोरडी हवा उलटी फिरून कार्ट्रिजमधले डेसिकंटचे (पाणी शोषणारे) मणी वाळवते. कटआऊट झाला नाही तर पर्ज नाही, आणि पर्ज नाही तर मणी वाळणार कधी?

हे पाणी किती असतं याचा अंदाज नसतो म्हणून लोक गाफील राहतात. पावसाळ्यातली 30 अंशांची पूर्ण दमट हवा घनमीटरला सुमारे 30 ग्रॅम बाष्प बाळगते. मीटरवर 8 बारपर्यंत (बाहेरच्या हवेचा दाब धरून 9) दाबताना अशी 9 घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबली जाते, म्हणजे 270 ग्रॅम बाष्प आलं. हवा पुन्हा 30 अंशांवर उतरली की त्या एका घनमीटरात मावतं फक्त 30 ग्रॅम. उरलेल्या 240 ग्रॅमचं पाणीच होतं. कोकणात रस्त्याच्या कामावर जुलैत हा हिशोब दिवसभर चालू असतो.

आता गाडीत बारीक लीकेज आहे असं समजा. ब्रेक बूस्टरचा डायफ्रॅम, टॅग अॅक्सलच्या (जादा अॅक्सलच्या) एअर बॅगचा पाइप, केबिनमधली एखादी फिटिंग. प्रेशर कटआऊटच्या जरा खाली घुटमळत राहतं, ड्रायव्हरला मीटर ठीक दिसतो, ब्रेक लागतात, तक्रार नाही. कॉम्प्रेसर मात्र लोडवरून उतरतच नाही आणि ड्रायर एकदाही पर्ज करत नाही. दुसरं कारण त्याहून साधं आहे. टाकीला नळी जोडून एअर गनने रेडिएटर, केबिन, फिल्टर झाडणं. चंद्रपूर-वणीकडच्या कोळशाच्या धुळीत हे रोजचंच. अर्धा तास गन चालली की अर्धा तास पर्ज बंद. टायरमध्ये हवा भरतानाही तेच. कॉम्प्रेसर एकूण वेळेच्या पाव भागापेक्षा जास्त लोडवर राहत असेल, तर चांगल्यातली चांगली कार्ट्रिजसुद्धा टिकणार नाही. मालकाला सांगा, झाडायला वेगळा कॉम्प्रेसर घ्या. ऐकत नाहीत, तरी सांगा.

म्हणून पाना उचलण्याआधी तपासणी. चाकांना ओंडके लावा, मगच खाली शिरा. टाकीचा ड्रेन कॉक पांढऱ्या फडक्यावर उघडा. नुसतं पाणी असेल तर वाळणं होत नाहीये. दुधी चिकट द्रव असेल तर तेल आणि पाणी दोन्ही. पांढरी भुकटी दिसली तर मणी फुटलेत, आणि मग टाक्या, व्हॉल्व्ह सगळं साफ करावं लागतं, नुसत्या कार्ट्रिजवर भागत नाही.

डॅशबोर्डच्या मीटरवर विसंबू नका, टेस्ट पॉइंटला वेगळा गेज लावा. इंजिन चालू करून कटआऊट किती बारला होतो ते बघा. गाडीगणिक तो साधारण 8 ते 10 बारच्या दरम्यान असतो, आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. मोठा 'फुस्स' यायला हवा, त्यामागे वीस-तीस सेकंद हलकी हवा. इथे नवशिके हमखास गोंधळतात. बऱ्याच गाड्यांत कटआऊटनंतर कॉम्प्रेसरची हवा ड्रायरच्या खालूनच बाहेर जाते, त्यामुळे इंजिन चालू असेतो भपके येत राहतात. ते लीकेज नाही. कटआऊट होताच इंजिन बंद करा आणि कान द्या. अर्ध्या मिनिटात शांत झालं पाहिजे. नंतरही हवा येत राहिली आणि टाकीचं प्रेशर उतरलं, तर चेक व्हॉल्व्ह (टाकीची हवा मागे येऊ न देणारा) गेलाय. उलट प्रेशर भरत असतानाच खालून हवा सुटत असेल, तर पर्ज व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकलाय. तीस-चाळीस रुपयांच्या ओ-रिंगसाठी अख्खा डीडीयू (ड्रायर आणि हवा वाटणारे व्हॉल्व्ह यांचं एकत्र युनिट) बदलायला लावणारे उस्ताद भेटतील. त्यांच्याकडून हातकाम शिकावं, बिघाडाचं निदान नाही.

मग लीकेज. फुल प्रेशर, इंजिन बंद, ब्रेक सोडलेले. एका मिनिटात 0.14 बारपेक्षा जास्त उतरायला नको. पेडल दाबून धरल्यावर 0.2 बार. जास्त उतरलं तर साबणाचं पाणी घ्या आणि शोधा. वेळ लागतो, पण अवघड अजिबात नाही.

कार्ट्रिज बदलताना हवा पूर्ण सोडा, रिजनरेशनची छोटी टाकीसुद्धा. प्रेशरमध्ये चेन पाना लावलात तर कार्ट्रिज तोंडावर येईल, यात गंमत नाही. सीट पुसा, जुनी ओ-रिंग चिकटून राहिली नाही ना बघा, नव्या गॅस्केटला ग्रीसचा हलका हात. थ्रेड जुळवून पाहा; दिसायला सारख्या कार्ट्रिजचे थ्रेड वेगळे असू शकतात. गॅस्केट टेकल्यावर हातानेच अर्धा ते एक फेरा. पाना फक्त काढायला. वर मार्करने तारीख. बदल शक्यतो मे संपायच्या आत, पावसाआधी.

मणी काढून उन्हात वाळवणं, रिफिल केलेली कार्ट्रिज, ड्रायरला बायपास: तिन्ही नको. मण्यांवर एकदा तेल चढलं की ऊन काही करू शकत नाही. तेल येत असेल तर मागे जा. चोंदलेल्या एअर फिल्टरमुळे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी ओढ वाढते आणि रिंगवरून तेल वर येतं, ते कॉम्प्रेसरपासून ड्रायरकडे जाणाऱ्या डिलिव्हरी पाइपात जळून कार्बन होतं, पाइप अरुंद होतो, हवा आणखी तापते. ड्रायरच्या तोंडाशी हवा 65-70 अंशांच्या वर गेली की मणी पाणी नीट धरत नाहीत.

ड्रायरमधलं पाणी गोठू नये म्हणून असलेल्या हीटरची चिंता लडाख-हिमाचलच्या कामावर गेलेल्यांनी करावी. 24 व्होल्ट, 100 वॅटचा हीटर सुमारे 6 ओहम दाखवतो, पण थंडीतच. उन्हात थर्मोस्टॅट उघडा असतो, मीटर ओपन दाखवेल. जळाला म्हणून फेकू नका.

हे सगळं केल्यावरही पहिले काही दिवस टाकीतून थोडं पाणी येईल. ते जुनं, पाइपांत आणि टाक्यांत बसलेलं. घाबरू नका, आठवडाभर रोज ड्रेन करा. त्यानंतरही येत राहिलं तर डिलिव्हरी पाइप खोलून आतला कार्बन बघा.