हॉप्सची बिअर चाखून जोखायची कशी

लेबलवरचा आयबीयूचा (कडवटपणा मोजायच्या एककाचा) आकडा वाचून बिअर किती कडू असेल ते ठरवू नका. हॉप्सच्या, म्हणजे कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या, बिअरबद्दल जे सल्ले कानावर पडतात त्यांत हा सगळ्यांत निकामी. त्याच्या खालोखाल निकामी म्हणजे वास घेताच डझनभर फळांची नावं घडाघडा म्हणून दाखवायचा सल्ला. चाखणाऱ्याला खरंच जमायला हवं ते वेगळंच आहे: कडवटपणा आला कधी, होता कसा आणि गेला कसा हे सांगता येणं. बाकीच्या पायऱ्या पटापट उरकू, तिथे थांबू.

तारीख, ग्लास, तापमान

कॅनच्या बुडाशी भरल्याची तारीख असते, ती आधी बघा. हॉप्सचा सुगंध ज्या तेलांतून येतो त्यांतली बरीचशी फार टिकत नाहीत. कॅनमध्ये शिरलेला जरासा ऑक्सिजन आणि बाहेरची ऊब मिळून त्यांची धार काही आठवड्यांतच कमी करू शकतात. तीन महिन्यांपेक्षा जुनी आयपीए (इंडिया पेल एल, भरपूर हॉप्सची शैली) प्यायला हरकत नाही, पण तिच्यावरून बनवणाऱ्याला गुण देऊ नका. गढूळ, म्हणजे हेझी आयपीएला मी एवढीही मुदत देत नाही. आणि भरल्याची तारीखच छापलेली नसेल तर ती बिअर जोखायला घेतच नाही.

ग्लास वरच्या बाजूला निमुळता होणारा, स्वच्छ आणि साबणाचा अंश नसलेला हवा. बिअर ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून बसले तर ग्लास धुतलेला नाही असं समजा. गोठवलेला ग्लास नको. बिअर ७ ते १० अंश सेल्सिअसला असावी; फ्रीजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवली की झालं. कॅनमधून थेट पिऊन मत देणाऱ्याचं मत मी ऐकून घेते, लिहून घेत नाही.

बघणं

इथे वेळ घालवू नका. बिअर परीक्षकांच्या बीजेसीपी या संस्थेच्या गुणपत्रिकेत ५० पैकी दिसण्याला फक्त ३ गुण आहेत, आणि ते योग्यच आहेत. एकच गोष्ट नीट बघा: हेझी आयपीएचा पिवळा रंग करडा किंवा तपकिरी होऊ लागला असेल तर आत ऑक्सिजन गेलाय. मग नाकालाही तेच सापडेल.

वास

फेस जिवंत असताना, पहिल्या मिनिटातच वास घ्या. लांब श्वास ओढू नका, दोन-तीन छोटे हुंगे पुरेत. मग ग्लासवर तळवा ठेवून तो हलकेच फिरवा, तळवा काढा आणि पुन्हा हुंगा. जे सुचेल ते लगेच लिहा, कारण नाक फार लवकर सरावतं.

लिहिताना फळांची यादी करण्याऐवजी आधी घराणं ठरवा: लिंबूवर्गीय साल, उष्ण प्रदेशातली पिकलेली फळं, पाइनची राळ, फुलं, झाडपाला-मसाला. कॅस्केड ही जात १९७२ मध्ये अमेरिकेत आली. तिच्या चकोतऱ्यासारख्या, फुलांच्या वासावर पुढे अमेरिकन पेल एलचा अख्खा स्वभाव घडला. सिट्रा आणि मोझॅक आंबा-पॅशनफ्रूटकडे झुकतात. न्यूझीलंडच्या नेल्सन सोव्हिनमध्ये पांढऱ्या वाइनची आठवण येते. चेक साझ मात्र झाडपाल्याचा, मसालेदार आणि शांत असतो. लेबल न वाचता घराणं ओळखता आलं तरी पुष्कळ झालं. नेमकी जात ओळखण्याचा हट्ट नको, तो बहुतेकदा अंदाजच असतो.

दोष मात्र नावानिशी ओळखायला शिका. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन. जुन्या चीजचा किंवा घामट पायमोज्यांचा वास म्हणजे शिळे हॉप्स. लोण्याचा वास म्हणजे डायॅसिटिल. ड्राय हॉपिंग केलेल्या, म्हणजे थंड बिअरमध्ये हॉप्स घातलेल्या, बिअरमध्ये हे लोणी कधी कधी उशिरा उगवतं. हॉप्समध्ये थोडी विकरं असतात. ती उरलेल्या शर्करांचे तुकडे करतात, यीस्ट पुन्हा कामाला लागतं आणि त्या दुसऱ्या फेरीत डायॅसिटिल तयार होतं. स्कंक नावाच्या प्राण्याच्या फवाऱ्याशी ज्याची तुलना करतात तो वास उजेडाचा. उजेडाने हॉप्सचे कडू रेणू फुटतात आणि एक गंधकयुक्त संयुग बनतं, ते नाकाला अगदी सूक्ष्म प्रमाणातही जाणवतं. तपकिरी बाटली यातून बऱ्यापैकी वाचवते. हिरवी थोडी आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच. हा वास एकदाच शिकून घ्यायचा तर हिरव्या बाटलीतली बिअर तासभर उन्हात ठेवा आणि तिच्याच जोडीची सावलीतली शेजारी घ्या. पुन्हा कधी विसरणार नाही.

घोट आणि कडवटपणा

आता अवघड भाग. मला ही पायरी सगळ्यांत उशिरा जमली, आणि अडत होतं ते माझ्या जिभेमुळे नाही. मी कडवटपणा एका क्षणात मोजायला बघत होते, आणि तो एका क्षणात मावत नाही.

आधी थोडं आतलं काम समजून घ्या. हॉप्समधली अल्फा आम्लं वर्टमध्ये, म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवून काढलेल्या गोड रसात, फारशी विरघळत नाहीत आणि स्वतः फार कडूही नसतात. उकळताना त्यांची रचना बदलते, आयसो-अल्फा आम्लं बनतात, आणि बिअरचा मुख्य कडवटपणा तो. उकळणं संपल्यावर थंड बिअरमध्ये हॉप्स घातले (यालाच ड्राय हॉपिंग म्हणतात) तर हा बदल जवळजवळ होत नाही. तेव्हा मिळतो तो सुगंध. पण त्याबरोबर अल्फा आम्लांचं हवेने बदललेलं रूप आणि वनस्पतीतले पॉलिफिनॉल्सही उतरतात. तेही तोंडात काहीतरी करतात, आणि ते वेगळं असतं.

म्हणून आयबीयू फसवतो. प्रयोगशाळेत बिअर आम्लधर्मी करून आयसो-ऑक्टेन या द्रावकात तिचा अर्क काढतात, २७५ नॅनोमीटरला तो किती प्रकाश शोषतो ते बघतात आणि त्याला ५० ने गुणतात. त्या प्रकाशात आयसो-अल्फा आम्लांशिवाय इतरही पदार्थ मोजले जातात, त्यामुळे भरपूर ड्राय हॉपिंग केलेल्या बिअरचा आकडा काही नेमकं सांगत नाही. शिवाय लेबलवर छापलेला आकडा कित्येकदा मोजलेला नसतोच, सूत्राने काढलेला असतो. आणि अचूक असला तरी गोडवा हिशोबात येत नाही. ६० आयबीयूची जाड इम्पीरिअल स्टाउट ४० आयबीयूच्या कोरड्या जर्मन पिल्सनरपेक्षा कमी कडू वाटू शकते.

आता कृती. मध्यम घोट घ्या, जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. गिळायचंच, वाइनसारखं थुंकून टाकलं तर घशाकडच्या बाजूचं आणि आतून नाकाकडे चढणारं अर्धं काम राहून जातं. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा जुन्या पुस्तकांतला नकाशा चुकीचा आहे. कडू चव जिभेवर सगळीकडे कळते, पण ती संथ आहे, गिळल्यानंतरही चढत राहते. म्हणून घड्याळ बघा. गिळल्या क्षणी काय आहे? पाच सेकंदांनी? अर्ध्या मिनिटाने? तीन वेळा, प्रत्येकी एकेक शब्द.

पहिल्या घोटावर मत देऊ नका, ही माझी सक्तीची सूचना. पहिला घोट जिभेला धक्का देतो, दुसरा त्यातून सावरतो, तिसरा खरं बोलतो. दोन घोटांमध्ये मिनिटभर थांबा आणि साधं पाणी प्या. आणि ग्लासच्या शेवटी पुन्हा एकदा मोजा, कारण कडवटपणा घोटागणिक साठत जातो. तिसऱ्या घोटाला छान वाटलेली बिअर दहाव्याला नकोशी होत असेल तर ते लिहायलाच हवं. अगदी लहान मापात चाखून पहिला क्रमांक देणारे इथेच चुकतात.

त्याहून मोठी गल्लत म्हणजे तोंडात जे काही टोचतं त्या सगळ्याला कडू म्हणणं. चार गोष्टी वेगळ्या करा. कडवटपणा ही चव आहे. ती जिभेवर येते आणि ओसरते. तुरटपणा हा स्पर्श आहे. हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी पडते, जीभ टाळूला खरखरीत लागते. तो बहुधा पॉलिफिनॉल्सचा. तिसरी घशातली जळजळ, मिरपुडीसारखी. ताज्या हेझी बिअरमध्ये हॉप्सचे बारीक कण तरंगत असले की ती होते, आणि बिअर काही काळ थंडीत स्थिर ठेवली की पुष्कळदा खाली बसते. चौथी अल्कोहोलची ऊब. ती घशाखाली, छातीपाशी कळते. याशिवाय वायूचा चावा असतोच. शंका आली तर थोडी बिअर दुसऱ्या ग्लासात ओतून, फिरवून तिच्यातला वायू घालवा आणि पुन्हा चाखा.

हे वाचून येत नाही, घरी करून बघा. एका ग्लासात टॉनिक वॉटर, हलवून वायू काढून टाकलेलं. त्यात क्विनाइन असतं, म्हणजे बऱ्यापैकी निखळ कडवटपणा. दुसऱ्यात पंधरा मिनिटं मुरवून थंड केलेला कोरा चहा. तोही कडू आहे, पण तोंड कसं आवळलं जातं ते बघा. दोन्ही आलटून पालटून घ्या. नंतर आयपीए घ्या आणि अर्ध्या मिनिटाने जे उरलंय ते पहिल्या ग्लासासारखं की दुसऱ्या, एवढंच स्वतःला विचारा.

आणखी एक युक्ती, माझ्या मते सगळ्यांत उपयोगी: नाक चिमटीत धरून घोट घ्या. आंब्याचा वास येणारी बिअर गोड आहे असं मेंदू परस्पर ठरवून टाकतो. नाक बंद केलं की तो पडदा हटतो. उरतं ते फक्त गोड, कडू, आंबट आणि तोंडातला स्पर्श. कित्येक रसाळ बिअर अशा वेळी चक्क कोरड्या निघतात, आणि काही नुसत्या गुळमट. मग नाक सोडा. सुगंध आत भरला की हॉप्सचं श्रेय किती आणि माल्टचं किती ते वेगवेगळं दिसतं.

मग चांगला कडवटपणा कोणता? लवकर येणारा, स्पष्ट, आणि अर्ध्या मिनिटात जागा करून देणारा. मागे थोडा माल्ट, थोडी साल-राळ राहिली पाहिजे. तो तीव्र असेल की सौम्य हे शैलीवर. पण ॲस्पिरिनची गोळी जिभेवर विरघळल्यासारखा चिकटून बसणारा कडवटपणा कुठल्याच शैलीत गुण नाही, आणि त्याला धाडसी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. धार टोकदार पण स्वच्छ असेल तर पाण्यातल्या सल्फेटचा हात असू शकतो. गोलाई आणि भरलेपण जास्त असेल तर क्लोराइडचा.

तोंडातला भार

पातळ, मध्यम की जाड, वायू किती, तुरटपणा किती. तो तुम्ही वेगळा काढलेलाच आहे, इथे लिहा.

गुण

बीजेसीपीचीच विभागणी वापरा, नवी शोधत बसू नका: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला भार ५, एकूण परिणाम १०. आधी शब्द लिहा, मग आकडा. आकडा आधी लिहिला की शब्द त्याची वकिली करू लागतात. शैलीची चौकट हाताशी ठेवा. त्यांच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत अमेरिकन आयपीए ५.५ ते ७.५ टक्के अल्कोहोल आणि ४० ते ७० आयबीयू अशी आहे, हेझी ६ ते ९ टक्के आणि २५ ते ६०. हेझीला कडवटपणा कमी म्हणून गुण कापणं म्हणजे तिने जे करायचंच नव्हतं त्याची शिक्षा तिला देणं. तुमच्या आवडीनिवडीला शेवटचे १० गुण आहेत, तिथे मोकळे व्हा.

एका बैठकीत चार-पाचच्या वर बिअर नकोत, आणि क्रम सौम्यापासून तीव्राकडे. डबल आयपीएनंतर पेल एल चाखून तिला पाणचट ठरवणं हा अन्याय आहे. लेबलं झाका. दोघं-तिघं असाल तर सगळ्यांचं लिहून होईपर्यंत कुणीही बोलायचं नाही, चेहऱ्यानेही नाही. दोघांच्या गुणांत सातपेक्षा जास्त फरक पडला तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. त्याच ग्लासातला पुढचा घोट दोघांनी एकाच वेळी घ्या, घड्याळ लावा, आणि अर्ध्या मिनिटाने तोंडात काय उरलं तेवढंच एकमेकांना सांगा. फरक बहुधा तिथेच सापडतो: एकाने तुरटपणालाही कडू म्हणून गुण कापलेले असतात.