‘मेमरी संपली’ असं ड्रायव्हरमधून छापू नका

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरमध्ये केमॅलॉक (मेमरी मागणारं फंक्शन) फसलं की बरेच जण लॉगमध्ये ‘मेमरी संपली’ असं छापतात. वाचणारा रॅम वाढवायला धावतो आणि खरं कारण तसंच राहतं.

१. ती ओळ काढून टाका. अलोकेशन (मेमरीची मागणी) फसलं की कर्नल स्वतःच ऑर्डर (केवढा सलग पट्टा मागितला ते), जीएफपी फ्लॅग (मागणीच्या अटी) आणि स्टॅक ट्रेस (मागणी कोणत्या फंक्शनांमधून आली ते) छापतो. कर्नलचा कोड तपासणारी चेकपॅच स्क्रिप्टसुद्धा त्या ओळीवर बोट ठेवते.

२. फंक्शनमधून उणे ईनोमेम (मेमरी न मिळाल्याचा एरर कोड), म्हणजे उणे १२, परत करा. सवयीने उणे १ लिहिलं तर त्याचा अर्थ ईपर्म होतो. मग वापरणाऱ्याला ‘परवानगी नाही’ असं दिसतं आणि तो तासन्‌तास रूटचे हक्क, फाइलच्या परवानग्या तपासत बसतो. सगळ्यात जास्त दिशाभूल इथेच होते.

३. लॉगमधली ऑर्डर वाचा. कर्नल मेमरी ठरावीक आकाराच्या पानांमध्ये वाटतो; ४ केबीच्या पानांवर ऑर्डर ४ म्हणजे २ चा चौथा घात, सलग १६ पानं, ६४ केबी. मोकळी मेमरी भरपूर असूनही तुकडे झाले असतील तर एवढा सलग पट्टा मिळत नाही. प्रॉकमधल्या बडीइन्फो फाइलमध्ये हे लगेच कळतं.

४. सलगपणाची गरज नसेल तर केव्हीमॅलॉक वापरा. ते आधी केमॅलॉक गुपचूप करून पाहतं, नाही जमलं तर विखुरलेली पानं जोडून देणाऱ्या व्हीमॅलॉककडे वळतं. मोकळी करताना मात्र केव्हीफ्री.

डीएमएच्या (उपकरण थेट मेमरी वाचतं-लिहितं त्या) बफरला केव्हीमॅलॉक नको, कारण ती मेमरी प्रत्यक्षात सलग असेलच असं नाही. आणि नोवॉर्न फ्लॅग स्वतः लावलात तर कर्नल गप्प बसतो. तेव्हा मात्र किती बाइट मागितले होते ते तुम्हीच छापा.