ओपनएपीआय जनरेटरने क्लायंट बनवताय? या चुका टाळा

ओपनएपीआय जनरेटरला एपीआयचं वर्णन करणारी फाइल, म्हणजे स्पेक, दिली आणि टर्मिनलवर एक कमांड मारली की बाहेरच्या सेवेचा क्लायंट (त्या सेवेशी बोलणारा कोड) जावा, पायथन, टाइपस्क्रिप्ट अशा हव्या त्या भाषेत तयार होतो. तो बिघडतो तेव्हा दोष बहुतेक वेळा स्पेकमध्ये असतो आणि दुरुस्ती मात्र तयार कोडमध्ये केली जाते. पुढच्या वेळी जनरेट केलं की ती पुसली जाते. जास्तीचं काही हवं असेल तर स्वतःचा वेगळा क्लास लिहा आणि तयार क्लायंट त्याच्या आतून वापरा.

सर्वाधिक डोकेदुखी नावांची. स्पेकमध्ये 'ऑपरेशन आयडी' (प्रत्येक कॉलला दिलेलं नाव) नसेल तर टूल पाथ (यूआरएलचा पुढचा भाग) आणि मेथड (गेट, पोस्ट वगैरे) जोडून 'ऑर्डर्सआयडीआयटम्सगेट' छापाचं फंक्शन बनवतं. उद्या पाथ बदलला की फंक्शनचं नाव बदलतं आणि ते वापरणारा सगळा कोड कंपाइल व्हायचा थांबतो. एकच आयडी दोनदा आला तर व्हॅलिडेशन, म्हणजे स्पेकची तपासणी, अडवतं. इथे घाईत ही तपासणी टाळणारा 'स्किप व्हॅलिडेट स्पेक' हा पर्याय लावू नका, नाहीतर दुसऱ्या फंक्शनच्या नावामागे नुसता आकडा चिकटतो आणि कोणतं कशासाठी हे कळेनासं होतं. आधी 'व्हॅलिडेट' चालवा, स्पेक दुरुस्त करा, मग 'जनरेट'. टॅग (गट दाखवणारं लेबल) नसलेली ऑपरेशन्स 'डिफॉल्ट एपीआय' या एकाच क्लासमध्ये कोंबली जातात, तेही तेव्हाच बघून घ्या.

'माझ्याकडे चालतं, सर्व्हरवर नाही' याचं मूळ बहुधा व्हर्जनमध्ये असतं. एनपीएमचं (जावास्क्रिप्टच्या पॅकेज मॅनेजरचं) पॅकेज हे फक्त वरचं कवच, खरा जनरेटर ते जार फाइल म्हणून उतरवून घेतं. दोघांचे व्हर्जन क्रमांक वेगळे. जनरेटरचा क्रमांक 'ओपनएपीआयटूल्स' नावाच्या जेसन फाइलमध्ये असतो, ती गिटमध्ये टाका. जनरेटरच्या 7 व्या आवृत्तीपासून जावा 11 किंवा पुढचं लागतं. एनपीएमने इन्स्टॉल केलं म्हणून जावा टळत नाही!

स्पेकमधून एखादं मॉडेल काढलं तरी त्याची जुनी फाइल फोल्डरमध्ये तशीच राहते. अख्खं फोल्डर उडवलं तर इग्नोअर फाइलही (जनरेटरने कोणत्या फाइलींना हात लावू नये याची यादी) जाते, आणि तिने राखलेल्या फाइलीही. म्हणून 'डॉट ओपनएपीआय-जनरेटर' फोल्डरमधल्या 'फाइल्स' या यादीत आहेत तेवढ्याच, इग्नोअर फाइल सोडून, पुसा आणि मग जनरेट करा.

महिनोन्‌महिने नीट चाललेला जावा क्लायंट अचानक 'इल्लीगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन' देऊ लागला तर एनम (ठरलेल्या मूल्यांची यादी) तपासा. समोरच्याने 'स्टेटस'मध्ये न कळवता नवं मूल्य वाढवलेलं असतं. जनरेट करताना 'एनम अननोन डिफॉल्ट केस' ट्रू ठेवलं की अनोळखी मूल्य एका राखीव खात्यात जातं आणि बाकीचा रिस्पॉन्स वाचता येतो. हा पर्याय मुळात बंद असतो.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर फायरवॉलवाल्यांना फोन करण्याआधी स्पेकमधला 'सर्व्हर्स' भाग उघडा. तो रिकामा असेल किंवा तिथे नुसता स्लॅश असेल तर क्लायंट लोकलहोस्टवर, म्हणजे स्वतःच्याच मशीनवर, धडका मारत असतो. बेस यूआरएल कॉन्फिगमधून द्या, टेस्ट आणि लाइव्हसाठी वेगवेगळा.