नवशिक्यांचा मोफत कोर्स तपासायला बसताना

मोफत कोर्स तपासून द्यायला नवीन आलेला माणूस बहुतेक वेळा एकच गोष्ट करतो. सगळे व्हिडिओ स्वतः बघतो आणि "छान आहे, वेग थोडा कमी करा" असं कळवून मोकळा होतो. त्या अभिप्रायाचं काय करायचं, हे कोर्स बनवणाऱ्याला कळत नाही. कुठे वेग कमी करायचा? कोणासाठी? ज्याला विषय येतो तो अडत नाही, त्यामुळे अडायची जागा त्याला दिसतच नाही. ती दाखवायला खरा नवशिका शेजारी बसवावा लागतो.

एक ठरावीक कोर्स धरून बोलू. मराठीतून स्प्रेडशीट शिकवणारा, आणि सरावाला सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पट्टी: पोती, वजन, दर, हमाली-तोलाई वजा, हातात पडणारी रक्कम. सरावाचा विषय असा जवळचा असला की अर्धं काम होतं. परदेशी दुकानाची डॉलरमधली विक्री दिली, तर शिकणारा आधी ते दुकान समजून घेण्यातच दमतो.

किती जणांना बसवायचं? वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलेला हिशेब असा, की पाच जणांना वापरताना पाहिलं तर बहुतेक अडचणी बाहेर येतात. सुरुवातीला तीनही चालतील, पण ते एकाच वर्गातले नकोत. एक फक्त मोबाइलवाला, एक दुकानात टॅलीवर काम केलेला, आणि एक या सगळ्याला कधीच हात न लावलेला. प्रत्येकाला पाऊण तास. तुम्ही बाजूला वही घेऊन बसायचं, माउसला हात लावायचा नाही, आणि "अहो, वर बघा ना" हे तर तोंडातून येऊच द्यायचं नाही. फार तर "आत्ता काय शोधताय?" एवढं विचारा. हे दिसतं सोपं. शिक्षकी पेशातल्या माणसाला सगळ्यात जड जातं.

मग काय दिसतं ते बघा. व्हिडिओतले सर वजनाच्या रकान्यात ५२, ४९, ५१ असे नुसते आकडे टाकत जातात. शिकणाऱ्या ताई मात्र वहीत लिहितात तसं प्रत्येक घरात '५२ किलो' लिहितात. खाली सम (SUM, बेरजेचं सूत्र) लावलं की उत्तर शून्य. "सर, बेरीज शून्यच येतीय की." लाल खूण नाही, चूक दाखवणारा संदेश नाही. कारण एवढंच, की आकड्याला अक्षरं चिकटली की प्रोग्राम त्याला मजकूर समजतो आणि सम असा मजकूर सोडून देतं. घरात ती नोंद डावीकडे सरकलेली दिसते. खरा आकडा उजवीकडे राहतो. ही खूण धड्यात सांगितली की पुढच्या दहा चुका शिकणारा स्वतः पकडतो. सर चुकलेले नाहीत, त्यांनी फक्त बरोबर करून दाखवलं आणि का ते सांगायचं राहिलं. मोफत कोर्समधल्या निम्म्या अडचणी याच जातीच्या असतात, असं आमचं मत आहे.

दुसरी ठरलेली जागा म्हणजे दर. दर क्विंटलचा, वजन किलोत. ६१२ किलोला १४,२५० दराने गुणलं की ८७,२१,००० रुपये येतात आणि शिकणारा ते मुकाट्याने उतरवून घेतो. शंभराने भागून ८७,२१० यायला हवेत. अडत्याकडच्या दिवाणजीला हे एका नजरेत कळेल, कॉलेजातल्या पोराला कळेलच असं नाही. म्हणून उदाहरणाच्या शेजारी अपेक्षित उत्तर छापलेलं हवं.

तारखेचा घोटाळा तर हमखास. गूगल शीट्सच्या सेटिंग्जमध्ये लोकेल (कोणत्या देशाच्या पद्धतीने तारीख-आकडे वाचायचे ती निवड) अमेरिकेचं राहिलं असेल, तर ०५/०७ म्हणजे ५ जुलै न होता ७ मे होतो, आणि १३/०७ ही तारीखच न राहता मजकूर बनते. महिनावार बेरीज बारा तारखेपर्यंत चुकते आणि पुढे गायबच होते. लोकेल भारत करणं हे पहिल्या धड्यातलं पहिलं काम हवं. सरावाची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडून बघा. 'शेतकऱ्याचे नाव' या जागी चित्रविचित्र खुणा दिसल्या तर फाइल यूटीएफ-८ बीओएमसह (म्हणजे मराठी अक्षरं एक्सेलला ओळखता येतील अशा प्रकारात) पुन्हा सेव्ह करून द्या. जुन्या फॉन्टमधून, युनिकोड नसलेल्या, चिकटवलेल्या नोट्स असतील तर त्या सरळ नव्याने टाइप करा.

मोबाइलवर एक धडा तरी पूर्ण बघाच. लॅपटॉपच्या पूर्ण स्क्रीनचं रेकॉर्डिंग सहा इंचांच्या पडद्यावर मुंग्यांसारखं दिसतं. रेकॉर्ड करताना शीट १५० ते २०० टक्के मोठी करायची, बाकी इलाज नाही. आणि माउसने कोपरा ओढायला सांगितला असेल, तर मोबाइल ॲपमध्ये तेच काम कसं होतं हे खाली लिहून द्यायला हवं.

व्हिडिओच्या लांबीबद्दल वाद नको. एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या लाखो पाहण्यांवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकलेलं दिसलं. यूट्यूबचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडलात, तर खड्ड्यांपेक्षा उंचवटे नीट बघा. गाण्यात उंचवटा म्हणजे आवडलेली जागा. शिकवण्याच्या व्हिडिओत तो बहुधा न कळलेली जागा, लोक मागे जाऊन पुन्हा बघतायत. प्रश्नमंजूषेत एखादा प्रश्न जवळजवळ सगळ्यांना पहिल्याच फटक्यात आला तर तो काढून टाका. तीसेक टक्क्यांनाच आला, तर धड्याला दोष देण्याआधी प्रश्नाचं मराठी वाचा.

आता कळवायचं कसं. एका अडचणीला एक ओळ: "धडा ३, ४ मि. १२ से. शिकणाऱ्याने '५२ किलो' लिहिलं. बेरीज ०. अपेक्षा ६१२. व्हिडिओखाली 'फक्त आकडा लिहा' अशी टीप द्यावी." पुढे तीनपैकी एक शेरा: चूक, अडतो, किंवा नुसतं खटकतं. पार्श्वसंगीत, स्लाइडचा रंग हे तिसऱ्यात. कोर्सवाला बहुधा नोकरी सांभाळून हे करतो. पन्नास खटकण्यांखाली दोन खऱ्या चुका दबल्या तर त्या तशाच राहतात.

दुरुस्ती शक्य तेवढी छोटी करा. यूट्यूबवर त्याच लिंकला नवा व्हिडिओ चढवता येत नाही. नवा टाकला की लिंक बदलते, जुन्या कमेंट मागे राहतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फिरलेली लिंक जुनीच उघडते. त्यामुळे आधी वर्णनात टीप आणि पिन केलेली कमेंट, मग जमलं तर अर्ध्या मिनिटाचा पुरवणी व्हिडिओ, आणि माहितीच चुकीची असेल तरच नवं रेकॉर्डिंग. दुसऱ्याचा कोर्स सुधारून स्वतः प्रसिद्ध करायचा असेल तर परवाना बघा: क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांपैकी बीवाय-एसए असेल तर श्रेय देऊन, त्याच परवान्याखाली, बदल करून देता येतो, नावात एनडी (बदल नकोत) असेल तर बदललेली प्रत वाटता येत नाही.

दुरुस्तीनंतर पुन्हा तपासायला त्याच ताईंना बसवू नका. त्यांना 'किलो' लिहायचं नाही हे आता पाठ झालंय. नवा माणूस आणा, आणि टीप वाचायला सांगू नका. तो ती आपणहून वाचतो का तेच बघायचंय.