तबला-डग्ग्याचे चित्र काढताना आधी पुडी जमवा

ठाण्याच्या गडकरी रंगायतनात पहिल्या रांगेत बसलात तर रंगमंचावरच्या तबल्याची पुडी, म्हणजे वर ताणलेले चामडे, जवळजवळ दिसतच नाही, नुसती कड दिसते. बाल्कनीत जा, तीच पुडी बरीच गोल दिसू लागते. आपण घरात खुर्चीवर बसून जमिनीवरचा तबला बघतो तेव्हा ती या दोन्हींच्या मधली, लंबवर्तुळाकार दिसते. चित्रातला तबला ओळखू येतो तो या लंबवर्तुळामुळे आणि त्यातल्या काळ्या गोल लेपामुळे, म्हणजे शाईमुळे. बहुतेक चित्रे इथेच फसतात: पुडी कंपासने पूर्ण गोल काढलेली आणि तळ मात्र पट्टीने सरळ. म्हणजे वरचा भाग बाल्कनीतून पाहिलेला, खालचा पहिल्या रांगेतून.

ए-4 कागद आडवा घ्या. एचबी आणि 4बी पेन्सिल, खोडरबर, आणि पट्टी फक्त मापांसाठी. कागदाच्या तळापासून 4 सेंमीवर फिकट आडवी रेघ मारा. डाव्या कडेपासून 9 सेंमीवर तबल्याची आणि 19.5 सेंमीवर डग्ग्याची, म्हणजे जोडीतल्या मोठ्या वाद्याची, उभी मध्यरेषा घ्या. उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या डावीकडे डग्गा असतो, पण आपण श्रोत्यांच्या बाजूने बघतोय, म्हणून तो कागदावर उजवीकडे येतो.

आता पुड्या. तबल्याच्या मध्यरेषेवर, आडव्या रेघेच्या 11 सेंमी वर, 6 सेंमी रुंद आणि 2 सेंमी उंच लंबवर्तुळ काढा. डग्ग्याचे 10 सेंमी वर, 10 सेंमी रुंद आणि साधारण 3.3 सेंमी उंच. उंची दोन्हीकडे रुंदीच्या एक तृतीयांश ठेवायची, नाहीतर दोन वाद्ये दोन वेगळ्या ठिकाणांहून पाहिल्यासारखी दिसतात. लंबवर्तुळाची टोके लिंबासारखी टोकदार होऊ देऊ नका, ती वळलेलीच असतात. मनगट टेकवून न काढता खांद्यातून हात फिरवा, त्याच जागी तीन-चार फिकट फेरे मारा आणि त्यातला चांगला पक्का करा.

आत चाट, म्हणजे पुडीच्या कडेने फिरणारी चामड्याची पट्टी, काढा. दोन्ही बाजूंना ती अर्धा सेंमी रुंद दिसते, पण पुढे आणि मागे जेमतेम पाव सेंमी. सगळीकडे सारखी काढली की पुडी कलंडलेली वाटते. मग शाई. तबल्यावर ती बरोबर मधोमध, 3 सेंमी रुंद. डग्ग्यावर 4 सेंमी रुंद, पण मध्यात नाही. वादकाचे मनगट टेकायला त्याच्या बाजूला मोकळे मैदान, म्हणजे चाट आणि शाईमधली जागा, लागते, म्हणून शाई आपल्याकडे सरकलेली दिसते: पुढे अर्ध्या सेंमीहून कमी जागा, मागे एक सेंमीहून जास्त. हे एवढे एक जरी अचूक आले तरी तबला जाणणारा माणूस चित्रापाशी थांबतो.

तबल्याचे लाकडी खोड वरून खाली फुगत जाते. खालच्या एक तृतीयांश भागात ते 7.5 सेंमी होऊन आत वळते. वर रुंद, खाली निमुळते काढलेत तर पेला झाला. डग्गा याउलट: गजऱ्याखाली, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीखाली, 11 सेंमीपर्यंत फुगतो आणि खाली वाटीसारखा आवळतो. दोन्हींखाली चुंबळ, म्हणजे वाद्य टेकवायची गोल गादी, हवी, दीड सेंमी जाड. तिची पुढची कड पुडीच्या कडेपेक्षा जास्त वाकलेली दाखवा, कारण नजरेपासून जितके खाली जाल तितके गोल जास्त उघडे दिसते.

पुडीच्या कडेला अर्धा सेंमी जाडीचा गजरा येतो. एकमेकांवर रेललेल्या छोट्या तिरक्या शेंगा काढल्या की चामड्याची वेणी दिसते. त्यातून वादीचे, म्हणजे पुडी ताणणाऱ्या चामडी पट्टीचे, पदर खाली उतरतात. समोर त्यांच्यात अंतर जास्त, कडांकडे ते दाटत जातात, आणि खोडाच्या फुगवट्याबरोबर वाकतात. समान अंतरावरच्या सरळ रेघा मारल्यात तर खिडकीचे गज दिसतील. तबल्याला गट्टे, म्हणजे वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे, एकूण 8 असतात, पण समोरून 3 किंवा 4 पुरेत, कमरेच्या जरा खाली. वादी गट्ट्यावरून जाते, मागून नाही, म्हणून गट्ट्याचा लाकडी गोलवा पदरांच्या फटींतून दिसू द्या. डग्ग्याला गट्टे काढू नका.

शेवटी छटा. शाई 4बीने गच्च, पण कड चाकूने कापल्यासारखी नको. पुडीच्या जागचा कागद जवळजवळ कोराच ठेवा. डग्ग्याच्या धातूवर डावीकडे एक उभी पांढरी पट्टी सोडा आणि तिच्या लगेच शेजारी सर्वांत गडद छटा द्या. चकाकी त्या शेजारामुळे येते, नुसते घासून राखाडी केल्याने भांडे ॲल्युमिनियमच्या टोपासारखे दिसते.

एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्राची तयारी करणाऱ्या मुलांनी हेच चित्र दुसऱ्या दिवशी न बघता काढावे, मापे न घेता. चुकेल ती बहुधा डग्ग्याची शाई: ती पुन्हा मध्यात गेलेली असेल.