ट्रेडवर भांडायचं असेल तर

आमच्या इंदूरला एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, सामने पोह्यांच्या वेळेला येतात. मी बशीत जीरावण भुरभुरत असते, तेवढ्यात भाचा फोन नाचवत विचारतो, "मावशी, या ट्रेडमध्ये कोण जिंकलं?" ट्रेड म्हणजे दोन टीमनी केलेली खेळाडूंची अदलाबदल. कॉलेजात मी रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये खेळायचे, म्हणून घरातला निवाडा माझ्याकडे. पण हा निवाडा लगेच द्यायचा नसतो.

आधी कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून दोन्ही टीमच्या नावापुढे लिहा: यांना जिंकायचंय कधी? एकीला यंदाच, दुसरीला पाच वर्षांनी. पस्तिशीचा खेळाडू पहिलीला सोनं, दुसरीला अडगळ. एवढं लिहिलं की निम्मं भांडण मिटतं.

मग पिकचे कागद वाचा, अगदी घराची रजिस्ट्री वाचावी तसे. पिक म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडताना टीमला मिळणारी पाळी; नंबर जितका वरचा, तितकी निवड आधी. कोणत्या सालचा? प्रोटेक्शन आहे का, म्हणजे नंबर फार वर आला तर मूळ टीमकडेच राहणार का? आणि स्वॅप असेल तर तिथे बोट ठेवून थांबा. स्वॅप म्हणजे दोघांच्या नंबरांतला चांगला तो माझा. 2013 मध्ये ब्रुकलिनने 35 वर्षांचा पिअर्स आणि 37 वर्षांचा गार्नेट आणला. बदल्यात बॉस्टनला 2014, 2016 आणि 2018 चे पहिल्या फेरीचे पिक दिले, वर 2017 चा स्वॅप. तेव्हा लोकांची नजर नावांवर होती, स्वॅपकडे कोण बघतंय! ब्रुकलिन घसरली. 2016 चा पिक तिसरा निघाला, त्यातून जेलन ब्राउन आला. 2017 चा स्वॅप थेट पहिल्या नंबरवर गेला. बॉस्टनने तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा नंबर आणि पुढचा एक पिक घेतला, आणि टेटमला उचललं. हीच जोडी 2024 ला चँपियन झाली. ब्रुकलिनचं खरं नुकसान म्हातारे खेळाडू घेण्यात नव्हतं. हरणाऱ्या टीमला निदान चांगला पिक तरी मिळतो. यांचं हरणंसुद्धा बॉस्टनच्या खात्यात जमा होत होतं.

"सगळे पिक देऊन टाका" असं कोणी म्हणालं की स्टेपियन नियम दाखवा: पुढच्या लागोपाठ दोन वर्षी पहिल्या फेरीचा एकही पिक हातात नाही, असं टीमला करता येत नाही. दोन्ही बाजूंच्या खेळाडूंचे पगार जुळवायचे ते वेगळंच. भाच्याचे बरेचसे ट्रेड इथेच गार होतात.

उलट बाजूचा उत्साहही आवरा. "शेवटून पहिले आलो की पहिला नंबर आपलाच" हे खोटं आहे. नंबर लॉटरीने ठरतो, आणि 2019 ला लागू झालेल्या नियमाने सगळ्यात वाईट तीन टीमना सारखीच संधी दिली, 14 टक्के. आणि भविष्य विकणारा दर वेळी मूर्ख नसतो. लेकर्सनी 2019 मध्ये अँथनी डेव्हिससाठी इंग्रॅम, लोन्झो बॉल, हार्ट हे खेळाडू आणि पहिल्या फेरीचे तीन पिक दिले. 2020 ला ट्रॉफी घरात. तो सौदा माझ्या मते तिथेच फिटला. मग इंग्रॅम पुढे कितीही छान खेळो.

शेवटी समोरच्याचं म्हणणं तारखेसकट लिहून ठेवा. जुलै 2019 मध्ये क्लिपर्सनी पॉल जॉर्जसाठी ओक्लाहोमाला शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि दोन स्वॅप दिले, तेव्हा भाचा म्हणाला होता, "क्लिपर्स दोन वर्षांत चँपियन, लिहून घे." मी घेतलं. 2025 च्या 23 जूनला, सोमवारी सकाळी, ओक्लाहोमाच्या थंडर टीमने पेसर्सना अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात हरवलं. शे होताच, शिवाय क्लिपर्सच्याच 2022 च्या पिकमधून आलेला जेलन विल्यम्सही. मी देवघराच्या खणातून चिठ्ठी काढून त्याच्या बशीशेजारी ठेवली.

त्याने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "अक्षर तर तुझं आहे, मावशी."

म्हणून सही घ्यायला विसरू नका.